पेवातली बॅटरी

“आली बघा कशाला!” शेवंताक्का म्हणाली आणि हळद निवडता निवडता शेडमधल्या साताठ बायका फिदीफिदी हसल्या.

कशाला हे माझं नाव होतं. आईबापांनी ठेवलेलं तिलसरा; पण नेपाळातल्या गुल्मीच्या डोंगरातून आणलेलं ते नाव सांगलीकरांच्या जिभेवर काही बसेना, आणि बसवायची कुणाला गरजही वाटली नाही. कामाला लागले तेव्हा मला सात-आठ मराठी शब्द येत होते. त्यातला हा एक मला फार कामाचा वाटला. हळकुंडं आणि गड्डे वेगळे करायचे ते कशाला? पोतं भिंतीला टेकवायचं नाही ते कशाला? झालं, आठवड्याभरात बारसं उरकलं. माझ्या भावाला सगळे बहादूर म्हणत आणि मला कशाला. भावाचं खरं नाव मनबीर होतं.

“काय गं, आज तोंड का पाडलंयस?” शेवंताक्काने सूप सरकवून मला जागा करून दिली. निवडणाऱ्या बायकांची ती म्होरकी. “बहादूरसंगं अजून बोलत न्हाईस व्हय?”

“नाही.”

“किती दिस झालं?”

“तीन.”

“आगं, एका खोपटात ऱ्हाताय, एका तव्यावरची भाकरी खाताय, आन बोलत न्हाई? मग मीठ कमी पडलं तर मागतीस कसं?”

“उठून घेते.”

पुन्हा हशा झाला. हसायला मलाही आलं होतं, पण मी दाबलं. एकोणीस वर्षांची होते मी, आणि एकदा धरलेलं सोडायचं नाही हा माझा बाणा होता. त्या बाण्याचं मला तेव्हा भारी कौतुक वाटायचं.

सांगली शहर जिथे संपतं तिथे, कृष्णेच्या काठच्या उंच माळावर, हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वर जेमतेम एक माणूस जाईल एवढं तोंड, आणि खाली गाडग्यासारखं फुगत गेलेलं, वीस फूट खोल. आत कडेने उसाचं पाचट लावायचं, हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवून वरून माती लोटायची. वर्ष-दोन वर्षं हळद आहे तशी राहते. वरून चालणाऱ्याला पायाखाली काय आहे याचा पत्ताही लागत नाही. आमचं पत्र्याचं खोपट या पेवांच्या मधोमध होतं. दारातून एकीकडे नदी दिसायची आणि दुसरीकडे शहराची घरं. शहरात आम्ही बाजाराच्या दिवशी तेवढं जायचो. बाकी लोकांच्या लेखी आम्ही म्हणजे ‘पेवावरचे गुरखे’, मग आमच्यात कुणी कधी पहारा केला असो वा नसो.

दाइ माझ्याआधी वर्षभर इथे आला होता. दाइ म्हणजे आमच्यात थोरला भाऊ, आणि बैनी म्हणजे धाकटी बहीण. आई गेली तेव्हा तो गावी आला आणि तेराव्यानंतर मला सोबत घेऊन निघाला. अंगाने काटक, बोलायला गरीब. पेवात उतरून हळद पाटीत भरायचं काम त्याच्याकडे होतं. आधी ते काम सिदूआप्पा करायचे, चाळीस वर्षं. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी दाइला सगळं शिकवलं: दोर कुठे बांधायचा, पाय कसा रोवायचा, आणि उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. दाइने ते सगळं तोंडपाठ केलं आणि तीन वर्षांत एकदाही चुकवलं नाही.

आमच्या अबोल्याचं कारणही पेवच होतं. तीन दिवसांपूर्वी मी सगळ्यांसमोर मुकादमांना विचारलं होतं.

“भाऊसो, आप्पा म्हणतात पेवात माणूस असताना वर दोघं पाहिजेत, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर पाहिजे. मग माझा भाऊ एकटा कशाला उतरतो?”

भाऊसो मुकादम तसा वाईट माणूस नव्हता. घाईतला माणूस होता. त्याचा कान सतत ट्रकच्या हॉर्नकडे असायचा.

“लई शानी झालीस गं,” तो म्हणाला. “जमत नसंल तर खोपट मोकळं करा. तुमच्या जागंवर यायला धा जण बसल्यात वाट बघत.”

त्या संध्याकाळी दाइ चुलीपाशी येऊन बसला. मग म्हणाला, “बैनी, तुझ्या जिभेपायी आपलं छप्पर जाणार आहे.”

“मी तुझ्यासाठीच विचारलं.”

“मी सांगितलं होतं का विचारायला? परक्या मुलखात विचारायचं नसतं. सांगतील ते करायचं, नीट करायचं, म्हणजे कुणी बोट ठेवत नाही. तीन वर्षांत मला कुणी एक शब्द बोललंय?”

“तुला कधी काही विचारावंसंच वाटत नाही?”

“नाही.”

“ठीक आहे. मग मीही तुला आपणहून काही सांगणार नाही. मला जे माहीत आहे ते माझ्यापाशी. विचारशील तेव्हाच सांगेन.”

“नको सांगूस,” तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

तेव्हापासून आमच्यात शब्द नव्हता. पण चहा मात्र चुकला नव्हता. सकाळी आठच्या सुमाराला मी किटली घेऊन त्याच्यापाशी जायची, पेला पुढे करायची, तो प्यायचा, पेला परत द्यायचा. एकमेकांच्या तोंडाकडे न बघता हे सगळं पार पाडायला बरीच कसरत लागते.

त्या दिवशीही मी सूप बाजूला ठेवून उठले.

“जा बाई, पाज त्याला,” शेवंताक्का म्हणाली. “आन आज तरी तोंड उघड. भाऊ हाय त्यो, सवत न्हवं.”

नदीकडच्या कडेचं पेव त्या दिवशी उघडायचं होतं. श्रावणात त्यातली निम्मी हळद काढून पुन्हा माती लोटली होती, त्याला चारेक महिने झाले होते. दहा वाजता ट्रक येणार म्हणून भाऊसोने आदल्या दिवशीच दाइच्या मागे घोशा लावला होता. मी लांबून बघितलं तर फरशी बाजूला होती, मातीचा ढीग कडेला होता, लाकडी घोडीवरून दोर आत लोंबत होता. दाइ दिसत नव्हता. पाटीही वरच होती. ढिगाशेजारी कंदील आडवा पडला होता आणि त्याची काच फुटली होती.

“दाइ!”

तीन दिवसांतली माझी पहिली हाक. खालून ओ आली नाही.

मी तोंडापाशी गुडघे टेकले आणि आत बघितलं. पेवात नेहमी काळोख असतो. पण त्या दिवशी आत लख्ख उजेड होता. बारा-पंधरा फुटांवर हळदीच्या ढिगावर दाइ कुशीवर पडला होता, शाळेत डोकं टेकून झोपलेल्या पोरासारखा, आणि त्याच्या हाताशेजारी बॅटरी जळत होती.

ती बॅटरी मी त्याला दिली होती. भाऊबीजेला. आमच्याकडे त्या दिवशी बहीण भावाला टिळा लावते, मखमली फुलांची माळ घालते, आणि त्याच्याभोवती तेलाची धार सोडून रिंगण काढते, म्हणजे यमाला आत पाय टाकता येत नाही. सांगलीत मला मखमली फुलं मिळाली नव्हती, म्हणून झेंडूची माळ केली आणि वर ही बॅटरी दिली. ‘आता अंधारात चाचपडू नकोस,’ म्हटलं होतं. दाइ पोरासारखा खूश झाला होता. आठ दिवस ती उशाला घेऊन झोपत होता.

किटली कुठे टाकली मला आठवत नाही. दोर धरला, एक पाय आत सोडला. आणि त्या उजेडाकडे बघताना माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. मी पाय वर ओढून घेतला.

कंदील का सोडतात, हे मला माहीत होतं. दिवाळीच्या आधी मी सिदूआप्पांच्या ओसरीवर बसून त्यांचं डोकं खाल्लं होतं. कंदील कशाला? ढणढणती चिमणी का नाही चालत? विझला तर का उतरायचं नाही? आप्पा आधी वैतागले, मग हसले, मग त्यांनी देवळीतली पणती उचलून समोर ठेवली आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला. ज्योत लहान झाली, निळी झाली, गेली.

“बगितलंस? वारा न्हाई, पानी न्हाई, तरी गेली,” आप्पा म्हणाले. “आगीलाबी हवा लागती आन आपल्यालाबी. बंद पेवात हळद आन पाचट समदी हवा खाऊन बसत्यात. तितं ज्योत जगली न्हाई तर आपून कुठलं जगतोय? म्हनून आदी तिला धाडायचं, मागनं आपून.”

बॅटरीला हवा लागत नाही. बॅटरी जगाच्या अंतापर्यंत जळली असती.

मी उभी राहिले आणि बोंब ठोकली. माळावरची माणसं शेडमधून, चहाच्या टपरीवरून धावत आली. सगळ्यांच्या पुढे भाऊसो आणि रावसू हमाल. रावसूने आत डोकावलं, चपला भिरकावल्या आणि दोराला हात घातला.

मी पेवाच्या तोंडावर आडवी पडले.

“सरक बाजूला!”

“कुणी उतरायचं नाही! आत हवा नाही!”

“हवा कशी न्हाई?” भाऊसो ओरडला. “डोळं फुटलं काय तुझं? दिवा जळतोय की खाली!”

“तो दिवा नाही, बॅटरी आहे! तिला हवा लागत नाही! कंदील आणा!”

भाऊसोने माझा दंड धरून ओढलं. मी मातीत बोटं रुतवली. रावसू म्हणाला, “आगं, तुझा सक्का भाऊ हाय त्यो, मरंल न्हवं!”

“तू उतरलास तर दोघं मराल,” मी म्हटलं. “मग मी तुझ्या बायकोला काय सांगू?”

रावसू थांबला. भाऊसोने मात्र माझा दंड सोडला नव्हता. मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या सगळ्या मराठीने सांगितलं, “भाऊसो, खोपट उद्या सकाळी मोकळं करते. आज माझं ऐका. कडुलिंबाच्या फांद्या आणा, मोठ्या, पानांच्या. दोराला बांधा. आणि सिदूआप्पांना बोलवा.”

काय वाटलं त्याला कोण जाणे. त्याने हात सोडला आणि कडेच्या लिंबाकडे धाव घेतली.

आप्पांनी मला पणती विझवून दाखवली त्याच दिवशी मी पुढचंही विचारलं होतं: आणि तरीही कुणी आत पडलंच तर? तेव्हा आप्पांनी सांगितलं होतं ते मी करत होते. पानांच्या फांद्यांचा भारा दोराला बांधायचा, सोडायचा, वर ओढायचा, सोडायचा, ओढायचा. वरची हवा खाली, खालची वर. शेवंताक्का धावत आली, तिने पदर खोचला आणि विचारलंसुद्धा नाही, माझ्यासमोर उभी राहून दोराला हात घातला. आम्ही दोघी आडाचं पाणी शेंदावं तशा तो भारा खालीवर करू लागलो.

बॅटरीच्या उजेडात दाइचा सदरा दिसत होता. मी डोळे त्या सदऱ्यावर ठेवले. तो हलतो आहे, असं वाटायचं. मग वाटायचं, फांद्यांच्या वाऱ्याने हलतो आहे. मग वाटायचं, हलतच नाही.

माळावर आता पन्नासेक माणसं जमली होती, आणि एवढ्या माणसांना गप्प राहणं कसं जमणार?

“आरं, कुणीतरी उतरा की!”

“ती उतरू देत न्हाई म्हनं.”

“भैन हाय का कोन हाय? डोळ्यात पानी न्हाई बगा.”

खरंच नव्हतं. ते शब्द मला सुईसारखे टोचत होते आणि मी ते सगळे ऐकत होते. पण हात थांबवून उत्तर द्यायला मला सवड नव्हती. खाली, वर. खाली, वर. दोराने तळहात सोलले गेले. शेवंताक्का दात ओठ खात म्हणाली, “बोलू दे मेल्यांस्नी. तू वड.”

सिदूआप्पा काठी टेकत, धापा टाकत आले. त्यांच्या हातात त्यांचा जुना कंदील होता, पेटवलेला. त्यांनी काही विचारलं नाही. फांद्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “थांबा. सोडून बगू.”

कंदील खाली गेला. पाच फूट. सात फूट. ज्योत लहान झाली, निळी झाली, गेली.

गर्दीतून एकदम सुस्कारा उठला. बॅटरी तशीच लख्ख जळत होती आणि तिच्या उजेडात विझलेला कंदील अधांतरी लोंबत होता. त्या क्षणी माळावरच्या प्रत्येकाला कळलं मी कशावर आडवी पडले होते ते.

“वडा,” आप्पा म्हणाले. “जोर लावा.”

आता दोराला सहा हात लागले. रावसू दुसऱ्या बाजूने भारा ओढू लागला. कुणीतरी घागरी भरून आणल्या आणि आप्पांच्या सांगण्यावरून, खालची साचलेली हवा हलावी म्हणून, आतल्या भिंतीवर पाणी मारलं. दुसऱ्यांदा कंदील सोडला, तो दहा फुटांवर जाऊन विझला. मी आप्पांना म्हटलं, “दहा फूट आली हवा. मी श्वास धरून जाते.”

“न्हाई.”

“आप्पा, तो...”

“पोरी, दुसऱ्याला आडवलंस, आता सोताला आडव,” आप्पा म्हणाले. “माजा धाकटा भाऊ असाच गेला. आन त्याच्यामागं माजा चुलता उतरला त्योबी गेला. वड.”

ही गोष्ट त्यांनी मला ओसरीवर सांगितली नव्हती. मी ओढत राहिले. त्यानंतरची पाच-सात मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब मिनिटं. दाइने मला गुल्मीहून आणताना वाटेत नदी ओलांडायला खांद्यावर घेतलं होतं, ते आठवलं. मी सतरा वर्षांची घोडी, लाजेने मेले होते. तो म्हणाला होता, ‘पाय ओले केलेस तर बसमध्ये कुडकुडशील.’ एवढंच आठवत होतं, पुन्हा पुन्हा.

तिसऱ्यांदा कंदील सोडला. तो दाइच्या खांद्यापर्यंत गेला, फडफडला, लहान झाला, आणि तसाच राहिला. आप्पांनी मनात काहीतरी मोजलं. मग माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरा दोर हातात दिला.

“सगळ्यात बारीक तूच हाईस. काकंतनं दोर घालायचा, गाठ पाठीवर. कंदलावर नजर ठेव. त्यो गेला तर हातातलं टाकायचं आन दोर हलवायचा. आयकलंस?”

“ऐकलं.”

“कशाला म्हनून इचारू नकोस आता.”

“माहीत आहे मला,” मी म्हटलं.

आत हळदीचा आणि कुजक्या पाचटाचा वास डोक्यात गेला. दोन श्वासांत कानात भणभण सुरू झाली. दाइचं तोंड हळदीने पिवळं झालं होतं, लग्नातल्या नवरदेवासारखं. मी त्याच्या नाकाशी गाल नेला. काहीतरी लागलं, गरम, अगदी थोडं. मी दोर घातला, गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. कंदील निळा व्हायला लागला. मी ओरडले, “ओढा!” आणि वरून पाचपन्नास हातांनी त्याला ओढलं. माझा दोर ताणला जायच्या आधी मी ती बॅटरी उचलली आणि बंद केली. का, ते मला आजही सांगता येणार नाही. मला ती जळताना बघवत नव्हती.

दाइला भाऊसोच्या टेम्पोतून मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस तो नळ्यांमध्ये पडून होता. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले, चौथ्या दिवशी पाणी मागितलं. भाऊसो रोज शहाळं घेऊन यायचा, कॉटच्या पायथ्याशी ठेवायचा आणि जायचा. पाचव्या दिवशी जाताना दारातून मला म्हणाला, “ते खोपटाचं बोलनं मनात ठिऊ नगंस, तिलसरा.” नाव त्याने तोडून तोडून उच्चारलं. पण उच्चारलं.

त्याच दुपारी दाइ उशीला टेकून बसला. मग म्हणाला, “बैनी, दिवा विझला नव्हता.”

“हं.”

“कंदिलाची काच फुटली म्हणून बॅटरी सोडली. घाईत केलं नाही हां मी. दोर बांधून खाली सोडली, चांगला वेळ बघत बसलो. विझली नाही. मग उतरलो. मी काही चुकवलं नव्हतं.” एवढी वर्षं सांगितलेलं सगळं नीट केलं आणि तरी असं झालं, याचं त्याला मरणापेक्षा जास्त दुःख होत होतं. मग तो माझ्याकडे वळला. “विझली नव्हती, तर मग का?”

का. माझ्या भावाने जन्मात पहिल्यांदा विचारलेला प्रश्न.

मी शेजारच्या कॉटवरच्या आजींकडून मेणबत्ती मागून आणली, टेबलावर लावली, आणि तिच्यावर पाण्याचा पेला पालथा घातला. ज्योत लहान झाली, निळी झाली, गेली. मी सगळं सांगितलं. आप्पांच्याच शब्दांत सांगितलं. दाइ त्या काळ्या वातीकडे बघत राहिला.

“हे तुला कधीपासून माहीत होतं?”

मला खोटं बोलता आलं असतं.

“दिवाळीच्या आधीपासून.”

“बॅटरी दिलीस त्याच्या आधी?”

“हो.”

“मला सांगितलं नाहीस?”

सांगणार होते. दिवाळीच्या धामधुमीत राहिलं, आज सांगू, उद्या सांगू म्हणून राहिलं. आणि खरं सांगायचं तर जे त्याला माहीत नाही ते मला माहीत आहे, याची मला थोडी गंमतही वाटत होती. मग भांडण झालं आणि मी तोंडाला कुलूप लावलं. वर ऐटीत सांगितलंसुद्धा, विचारशील तेव्हाच सांगेन. पण तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच:

“तू विचारलं नाहीस.”

आणि माळावर पन्नास माणसांसमोर जे पाणी डोळ्यांत आलं नव्हतं ते तेव्हा आलं. मी कॉटच्या कडेवर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडले. आजीही घाबरून उठून बसल्या. दाइने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या नखांतली हळद अजून गेली नव्हती.

मग तो म्हणाला, “उद्यापासून विचारतो. रोज एक.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नर्सला विचारलं, ही सुई कशाला? तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण सांगितलं.

या गोष्टीला वीस वर्षं उलटून गेली. पेवं पुढे महापुरात खचली, माळ आता सपाट आहे. दाइ गुल्मीला परत गेला, त्याला तीन मुली आहेत आणि त्या म्हणे बापाचं डोकं खातात. मी इथेच राहिले. शहराच्या कडेच्या एका मोठ्या गोदामात हळदीचं काम बघते. कीड मारायला तिथे बंद खोलीत औषध सोडतात, आणि खोली उघडल्यावर किती वेळ आत जायचं नाही, याचा नियम भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेला आहे. कामाला नवी पोरं येतात. कुणी बिहारची, कुणी ओडिशाची, एखादा आमच्या डोंगरातला. मान खाली घालून नियम ऐकतात, हो जी म्हणतात. कुणी काही विचारत नाही.

मी टेबलाच्या खणातून मेणबत्ती काढते, पेटवते, आणि तिच्यावर पेला पालथा घालते. कुणी विचारायची वाट मी आता बघत नाही.